ज्वारीच्या दाण्यापासून भाकरीपर्यंत: लहान मुलांना शेती शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांना ताटातलं अन्न कुठून येतं हे दाखवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. मुख्य उदाहरण रब्बी ज्वारीचं घेतलं आहे. ज्यांच्याकडे ज्वारी होत नाही किंवा जमीनच नाही, त्यांच्यासाठी पुढे वेगळी उत्तरं आहेत.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाला माती कालवू द्या, बी टाकू द्या, पाणी घालू द्या. एवढं पुरतं. या वयाच्या मुलाला "दोन महिन्यांनी उगवेल" या वाक्याचा अर्थ लागत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत काहीतरी घडणारं बी घ्यावं. मूग रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधला की दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मेथी द्या: तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचवीस-तीस दिवसांत भाजीला तयार होते. संपूर्ण हंगामभर एका पिकाच्या मागे राहणं साधारण सातव्या वर्षापासून जमतं.

वर्षातून एकदा शेतावर सहल नेली तर पुरत नाही का?

पुरत नाही. एका दिवसात मुलाला शेत दिसतं, पीक वाढणं दिसत नाही. त्याच्या मनात उभं पीक हे झाडासारखं कायमचं तिथेच असलेलं काहीतरी राहतं. खर्च आणि वेळ एकाच मोठ्या सहलीवर घालवण्यापेक्षा जवळच्या एकाच शेतावर, एकाच पट्ट्यापाशी पाच वेळा तास-दीड तास जावं: पेरणीला, विरळणी-खुरपणीला (दाट रोपं आणि तण काढताना), पीक पोटरीत आल्यावर (कणीस अजून पानाच्या आत असताना), हुरड्याला आणि काढणीला. दर वेळी मुलं त्याच बांधावर त्याच जागी उभी राहून चित्र काढतील असं ठरवा. पाच चित्रं शेजारी लावली की हंगाम त्यांना स्वतःच वाचता येतो.

ज्वारीच का? टोमॅटो-मिरची सोपी नाही का?

सोपी आहे, आणि परसबागेत जरूर लावावी. पण पोट भरतं ते धान्यावर, आणि शहरातल्या कितीतरी मुलांना पीठ आणि शेत यांचा संबंधच माहीत नसतो. रब्बी ज्वारीचा हंगाम शाळेच्या वर्षात नेमका बसतो. उत्तरा-हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी. पीक साधारण ११५ ते १२० दिवसांचं, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काढणी. परीक्षेच्या आधी भाकरी ताटात येते. उसाला बारा ते अठरा महिने लागतात आणि शेवटची सगळी कामं कारखान्यात होतात. ज्वारीची मळणी, उफणणी, दळण आणि भाकरी ही सगळी कामं मुलांच्या डोळ्यांसमोर होऊ शकतात.

हा हिशेब सोलापूर, अहिल्यानगर, बीड, पुण्याचा पूर्व भाग अशा रब्बी पट्ट्यासाठी. कोकणात आणि मावळात भात घ्या: जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मधे दिवाळीची सुट्टी कुठे येते ते आधी पाहून ठेवा. विदर्भात हरभरा चांगला, त्याचे घाटे सोलून दाणे मोजायला मुलांना फार आवडतं.

किती जागा लागेल आणि त्यातून काय मिळेल?

दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब असा एक वाफा पंचवीस मुलांच्या वर्गाला पुरतो. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की चार ओळींत मिळून सुमारे ८० ताटं, म्हणजे ज्वारीची उभी धाटं, बसतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीन.

आता भाकरीचा हिशेब करा. मध्यम भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ लागतं. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण तीन ते साडेतीन ग्रॅम भरतं. म्हणजे एका भाकरीत चोवीसशेच्या आसपास दाणे. बऱ्यापैकी भरलेल्या कणसातून तीस ग्रॅम दाणे निघाले, तर भाकरीला दोन-तीन कणसं लागतात. मुलाची तीन ताटं म्हणजे त्याची एक भाकरी. ही गोष्ट पेरणीच्याच दिवशी सांगून ठेवावी. मग विरळणीत रोप चुकून उपटलं गेलं किंवा पाखरांनी कणीस टिपलं, की काय गेलं ते मुलाला बरोबर कळतं. तिसरी-चौथीची मुलं शंभर दाणे मोजून किराणा दुकानातल्या काट्यावर स्वतः वजन करू शकतात, आणि हा भागाकार ती विसरत नाहीत.

बियाणं कोणतं घ्यावं?

दुकानातलं पाकीटबंद बियाणं लहान मुलांच्या हातात देऊ नका. त्यावर बुरशीनाशक, कधी कीटकनाशकही लावलेलं असतं. गुलाबी, लाल किंवा निळा रंग ही त्याचीच खूण. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागच्या हंगामातली, औषध न लावलेली मालदांडी घ्या. घरात खायला आणलेली ज्वारीही चालते, पण आधी उगवण तपासा: वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चार दिवस ठेवा, सोळा किंवा जास्त उगवले तर पेरायला योग्य. हे मोजण्याचं काम मुलांनाच द्यावं.

मालदांडी संकरित नाही, त्यामुळे आपल्या वाफ्यातलं सगळ्यात चांगलं कणीस बाजूला काढून पुढच्या वर्षी पेरता येतं. बी राखणं हीसुद्धा शेतीच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री गावरान बियाण्यांच्या जतनासाठीच जाहीर झाली. त्यांचं काम मुलांना सांगण्याची योग्य वेळ म्हणजे हे कणीस बाजूला काढण्याचा दिवस.

पेरणी मुलांकडून नेमकी कशी करून घ्यावी?

आदल्या दिवशी मोठ्यांनी वाफा वीतभर खोल खणून, ढेकळं फोडून, कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली मिसळून ठेवावं. ताजं शेण नको: त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते आणि रोपांना चटका बसतो. संध्याकाळी पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला तर फुटावा, हा वाफसा. मुलांना हे हाताने करून पाहू द्या.

पेरताना सुतळीला १५ सेंटिमीटरवर गाठी मारून ती ओळीत ताणा. प्रत्येक गाठीशी मुलाने तर्जनी दोन पेरं खोल रोवायची, म्हणजे साधारण चार-पाच सेंटिमीटर, त्यात तीन दाणे टाकायचे आणि माती ओढून हलकेच दाबायची. यापेक्षा वर पेरलं तर दाणा सुकतो किंवा मुंग्या नेतात, फार खोल गेलं तर कोंब वर येईपर्यंत दम संपतो. शेजारच्या शेतात पाभर किंवा तिफण ही पेरणीची अवजारं चालू असतील तर ती दाखवा. फण ओळ पाडतो, वरच्या चाड्यात मूठ सोडली की नळ्यांतून दाणे पडतात. आपण बोटाने केलं तेच तिफण एका दमात करते हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसतात. दहा-पंधरा दिवसांनी विरळणी: एका जागी सर्वांत जोमदार एकच रोप ठेवायचं. लहान मुलांना चांगलं रोप उपटणं जड जातं, काही रडतातही. एका कोपऱ्यातली दोन-चार ठिकाणं विरळणी न करता तशीच सोडा. महिन्याभरात तिथली बारीक, पिवळट ताटं पाहून त्यांना कारण पटतं.

पाणी किती द्यायचं?

खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी बरीचशी जमिनीतल्या ओलीवरच येते, हे आधी सांगा. पाण्याची सोय असेल तर शेतकरी २८ ते ३० दिवसांनी, ५० ते ५५ दिवसांनी पीक पोटरीत असताना आणि ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात पाणी देतात. शाळेचा वाफा उथळ असतो, तिथे आठ-दहा दिवसांनी बोटभर खोल उकरून पाहावं आणि कोरडं असेल तरच द्यावं. मुलांच्या हातात झारी आली की रोज पाणी पडतं. मुळं वरच राहतात आणि मालदांडी पुरुषभर उंच होऊन वाऱ्यात लोळते. पाण्याची पाळी वहीत लिहून ठेवा.

"एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" असं शेतकरी म्हणतात (कोळपणी म्हणजे ओळींमधली वरची माती हलवून मोकळी करणं), ते का, हे दोन डब्यांत दाखवता येतं. दोन्हींत सारखी काळी माती भरा, सारखं पाणी द्या, आणि एकाची वरची माती दर दोन दिवसांनी काडीने मोकळी करत राहा. दुसऱ्या डब्यातल्या मातीला भेगा पडतात आणि ओल त्यांतून उडते. दोन आठवड्यांनी दोन्ही डब्यांत खाली बोट घालून बघू द्या.

पिकात काय काय बिघडतं?

पहिल्या महिन्यात मधला पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, सुकतो आणि ओढला की सहज हातात येतो. ही खोडमाशी, आणि याला पोंगे मर म्हणतात. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर ती जास्त येते, म्हणून ऑक्टोबरचा मध्य ओलांडू नये. तीन दाणे टाकण्यामागे हेही एक कारण आहे. पोंग्यात भोकं आणि भुश्श्यासारखी विष्ठा दिसली तर लष्करी अळी. लहान वाफ्यात ती मोठ्यांनी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. थंडी-ढगाळ हवेत पानं चकाकू लागली, हाताला चिकट लागली, तर तो मावा आणि त्याचा चिकटा. बिया भरायच्या वेळी ओल संपली की बुंधा आतून पोकळ होऊन ताटं कोसळतात, हा खडखड्या.

मेलेलं रोप लगेच उपटून टाकू नका. ते उभं चिरून मुलांना आतली अळी किंवा पोकळ बुंधा दाखवा. शाळेच्या वाफ्यावर रासायनिक फवारणी करू नये, पीक गेलं तरी चालेल.

पाखरांचं काय करायचं?

दाण्यात चीक भरला की पाखरं येतातच. शेतात माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून, डबा वाजवून राखण करतात. मुलांच्या गटांना मधल्या सुट्टीत राखणीची पाळी द्या, डबा आणि काठी पुरे. गोफण दाखवा, पण दगड घालून मुलांच्या हातात देऊ नका. एका ओळीच्या कणसांवर कापडी पिशव्या बांधा आणि एक ओळ पाखरांसाठी मोकळी सोडा. शेवटी दोन्ही ओळींचे दाणे वेगवेगळे तोला.

हुरडा लहान मुलांना द्यावा का? कोवळी ताटं चघळली तर?

हुरडा द्यावा. दाणा दुधाळ अवस्था ओलांडून नखाने दाबला तर मऊ लागतो तेव्हा, साधारण ९० ते १०० दिवसांनी. आगटी (हुरडा भाजायचा जाळ) मोठ्यांनी पेटवावी आणि मुलांना हातभर नव्हे, चांगलं दोन मीटर लांब बसवावं. कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून, फुंकर मारून कूस उडवायचं. हे चोळणं-फुंकणं म्हणजेच छोटी मळणी आणि उफणणी. भाजलेले शेंगदाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

कोवळ्या ज्वारीच्या पानांत आणि फुटव्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गुरांनी ती खाल्ली तर किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर दगावू शकतं. त्यामुळे मुलांना पोंगा किंवा कोवळं पान चघळू द्यायचं नाही, हा नियम पेरणीच्या दिवसापासून. पक्व कडबा गुरांना चालतो.

लातूर, धाराशिव, सोलापूर भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या असते. उभ्या रब्बी पिकाची पूजा करून सगळं घर शेतात भज्जी आणि आंबील जेवतं. त्या भागातल्या शाळांनी तिसरी-चौथी भेट या सुमारास ठेवावी.

काढणी आणि मळणीत मुलांना काय करता येतं?

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक पक्व झालं. विळा मोठ्यांच्याच हातात. मुलांनी कापलेली कणसं वेचून टोपलीत भरावी. ज्वारीची पानं कडेने कापतात आणि कूस अंगाला खाजतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला आदल्या दिवशीच सांगा.

कणसं तीन-चार दिवस उन्हात वाळवा. ओलसर कणीस बडवलं तर दाणे सुटत नाहीत, चेपतात. मग ती स्वच्छ पोत्यात घालून तोंड बांधा आणि मुलांना पाळीपाळीने काठीने बडवू द्या. उफणणी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. दम्याची तक्रार असलेल्या मुलांना या वेळी लांब बसवा आणि वजन लिहायचं काम द्या. वारा नसेल तर सुपाने वारं घालता येतं. ताटं फेकू नयेत. कडब्याची पेंढी बांधून ज्याच्याकडे गुरं आहेत त्याला द्या. धान्य आणि चारा दोन्ही एकाच ताटातून आले हे मुलांनी पाहायला हवं.

दळायला जातं मिळालं तर उत्तम. खुंट्याला दोन मुलं धरली तरी मूठभर पिठाला बराच वेळ लागतो, तेवढंच पुरे, बाकी गिरणीत. भाकरी त्याच आठवड्यात करा, कारण जुन्या पिठाची विरी (पीठ धरून ठेवणारा गुण) जाते आणि भाकरी थापताना फाटते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. एक गोळा थंड पाण्यात आणि एक गरम पाण्यात मळून दोन्ही थापून दाखवा. तवा-चूल मोठ्यांकडे, परातीतलं थापणं मुलांकडे.

आमच्याकडे जमीन नाही, गॅलरी आहे. काय लावावं?

शेंगदाणा. एवढं आश्चर्य दुसऱ्या कुठल्या पिकात क्वचितच दिसतं. फूटभर खोल आणि फूटभर रुंद कुंडीत किंवा गोणीत मऊ, वाळू मिसळलेली माती भरा. न भाजलेले, लाल सालीसकट दाणे पाच सेंटिमीटर खोल टाका. सुमारे महिन्याभरात पिवळी फुलं येतात, मग फुलाच्या जागेवरून आरी निघून जमिनीकडे वळते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. आऱ्या सुटायच्या वेळी माती कडक असेल तर त्या आत जात नाहीत आणि शेंगा लागत नाहीत, हीच इथली नेहमीची चूक. साडेतीन-चार महिन्यांनी झाड उपटायचं.

थंड देशांत राहणाऱ्या मराठी घरांनी शेंगदाणा किंवा मेथी खिडकीशी ऊन येईल तिथे लावावी. शेंगदाण्याला उबदार माती लागते, मेथी थंडीतही चालते. कोथिंबिरीसाठी अख्खे धणे चोळून दोन भाग करावे, उगवायला आठ-बारा दिवस लागतात हे मुलांना आधी सांगावं.

वर्गात करण्यासारखा एखादा प्रयोग?

चार काचेचे ग्लास घ्या, आतून ओला टीपकागद लावा. एकात अख्खी तूर, दुसऱ्यात तूरडाळ, तिसऱ्यात सालासकट भात, चौथ्यात दुकानातला पांढरा तांदूळ. काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे अडकवा, तळाला बोटभर पाणी ठेवा, दाणे पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर कुजतात. आठवड्याभरात अख्खी तूर आणि भात उगवतात, डाळ आणि तांदूळ उगवत नाहीत. डाळ भरडताना आणि तांदूळ सडताना अंकुर निघून गेलेला असतो. मग वालाचे आणि हरभऱ्याचे दाणे लावा: वाल आपली दोन्ही दळं, म्हणजे दाण्याचे दोन अर्धे भाग, उचलून मातीवर आणतो, हरभरा ती खालीच ठेवतो. राजमा लावलात तर त्याचे कच्चे मोड मुलांच्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्या, ते बाधतात.

शेतावर नेताना सर्वांत मोठा धोका कशाचा?

पाण्याचा. बिनकठड्याची विहीर आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. शेततळ्याच्या कागदावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. भेटीच्या आधी एकट्याने जाऊन या दोन्ही जागा पाहून या आणि मुलांचा मार्ग त्यांच्यापासून लांबून आखा. पाच मुलांमागे एक मोठं माणूस, शिवाय पाण्याच्या बाजूला एक जण फक्त पहाऱ्याला.

दुसरा धोका बांधावरचा. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या म्हणजेच मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि वर्गचा वर्ग उलट्या करत दवाखान्यात पोचतो. एरंड, धोत्रा आणि गुंजही तशीच विषारी. ही झाडं लांबून दाखवून ओळख करून द्या आणि "शेतात विचारल्याशिवाय काहीही तोंडात नाही" हे पाठ करून घ्या.

शेतकऱ्याला आदल्या आठवड्यात विचारा की फवारणी केव्हा केली. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मुलांना तो लांबून ओळखायला शिकवा, रिकामे डबे मात्र त्यांच्या नजरेआड ठेवा. सकाळी आठ ते साडेदहा ही वेळ चांगली. पायात बंद बूट, खाण्याआधी साबणाने हात. ज्यांच्या शेतावर जाता त्यांचा अर्धा दिवस मोडतो, त्याचा मोबदला आधी बोलून द्यावा.

वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांचीच आहेत. त्यांना काय शिकवायचं?

त्यांना शिकवू द्या. खुरपं कसं धरायचं, वाफसा कसा ओळखायचा हे त्यांना ठाऊक असतं, ते ज्ञान वर्गात मोजलं जावं. मात्र ज्या मुलीला घरी रोज गवत काढावं लागतं तिच्यावर शाळेतही खुरपणी लादू नका. तिला मोजमाप, नोंदी, चित्रं असं काम द्या.

बालशिक्षणतज्ज्ञ तारा मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल जिथे आहे तिथलंच साहित्य घेऊन शिकवायची ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे.

पीक गेलं तर मुलांना काय सांगायचं?

खरं ते. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर दाणा काळा पडतो, त्याला भाव मिळत नाही. गारपिटीत ताटं आडवी होतात. "आपल्या वाफ्यात भाकरी झाली नाही, आता काय?" असं विचारा. मुलं बाजारातून ज्वारी आणायला सांगतात. मग विचारा, ज्यांचं सगळं शेतच असं गेलं ते काय आणतील आणि कशाने? सात-आठ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पेलतो. त्याहून लहानांना एवढंच सांगा की पाऊस अवेळी आला म्हणून दाणे खराब झाले, आणि राखून ठेवलेल्या बियाण्यातून पुढच्या सप्टेंबरात पुन्हा पेरू. त्यासाठीच मागच्या हंगामातली ओंजळभर ज्वारी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली असावी, आणि त्या डब्यावर वर्गाचं नाव व साल मुलांच्या हातचं असावं.